दोन कोठ्यांचा संडास



संडास म्हटला की नळ, पाणी आणि गटार यांचे चित्र आपल्या डोळ्यांपुढे इतके पक्के उभे राहते की, जेथे या तिन्ही गोष्टी नाहीत तेथे स्वच्छ संडास असूच शकत नाही, असे आपण धरून चालतो. आपल्याच देशातील लडाखने ही समजूत फार पूर्वी खोटी ठरविलेली आहे. लेह समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर उंचीवर. वर्षाकाठी पाऊस आणि बर्फ मिळून जेमतेम १०० मिलिमीटरच्या आसपास. तेथील जुन्या घरात वरच्या मजल्यावर एक लहान खोली असते. तिच्या जमिनीला एक भोक, आणि कोपऱ्यात कोरड्या मातीचा ढीग व एक फावडे. शौचानंतर फावडेभर माती भोकातून खाली लोटावयाची, एवढाच विधी. खालच्या खोलीत साठलेले खत पुढे बाहेरच्या दाराने काढून जवाच्या शेतात नेतात. १९७४ साली लडाख पर्यटकांसाठी खुले झाल्यानंतर लेहमध्ये पाण्याचे संडास वाढले आणि त्यांबरोबर पाण्याची ओढाताणही.

भाषांतर करणाऱ्याला शब्दांपाशी थांबावे लागते. या खताला मराठीत जुना आणि सुंदर शब्द आहे : सोनखत. आपण मैल्याला सोने म्हटले. आणि ते सोने डोक्यावरून वाहून नेणाऱ्या माणसाला मात्र शिवू दिले नाही. म्हणून या संडासाची कृती सांगण्यापूर्वी एक भेद स्पष्ट केला पाहिजे. १९९३ च्या कायद्याने ज्या ‘कोरड्या’ संडासांवर बंदी आणली, त्यांतही पाणी नव्हते आणि आपल्या या संडासातही नसते. मग फरक कोणता? टोपलीच्या संडासातील मैला रोजच्या रोज, ताजा, दुसऱ्या कोणाला तरी उचलावा लागे. २०१३ च्या कायद्यातील व्याख्येचाही रोख याच गोष्टीवर आहे : मैला पूर्णपणे कुजण्यापूर्वी तो माणसाला हाताळावा लागतो काय? दोन कोठ्यांची सारी रचना या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे यावे यासाठी आहे. येथे भंग्याची जागा काळ घेतो.

हे केवळ तंत्र नव्हे, याची जाण कोकणातील आप्पासाहेब पटवर्धनांना होती. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी भंगीकाम मागितले. सरकारने ते नाकारले तेव्हा त्यांनी अन्नत्याग केला, आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी येरवड्यात गांधीजींनीही उपवास केला. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात आप्पांनी सोप्या संडासाचे आणि मैल्याच्या खताचे प्रयोग केले.

आता बांधणीकडे वळू. रानातील वस्ती, खडकाळ माळ किंवा पाणी अगदी वर लागणारी किनारपट्टी अशा जागी खड्डा खणू नये. कोठ्या जमिनीवरच बांधाव्यात. पाचसहा माणसांच्या कुटुंबाला प्रत्येकी आतून तीन फूट लांब, रुंद व उंच अशा दोन कोठ्या साधारण वर्षभर पुरतात. तळ पक्का आणि आजूबाजूच्या जमिनीहून उंच हवा, म्हणजे पावसाचे पाणी शिरणार नाही. वर लादी, तीवर दोन बैठका, चढावयास पायऱ्या. मागील बाजूस प्रत्येक कोठीला एक दार ठेवावे व ते विटा मातीत रचून बंद करावे; सिमेंटने सांधल्यास उघडताना पंचाईत होते. दोन्ही कोठ्यांना चार इंची वायुनळी छपराच्या वर न्यावी, तिच्या तोंडाला बारीक जाळी बसवावी.

सर्वांत महत्त्वाचे कोणते, तर लघवी व धुण्याचे पाणी कोठीत पडू न देणे. एका माणसाची वर्षाची विष्ठा सुमारे ५० लिटर भरते, लघवी त्याच्या दसपट. दुर्गंधी येते ती मुख्यतः या दोहोंच्या मिश्रणाला. म्हणून बैठकीच्या पुढील भागात लघवीसाठी वेगळा उतार व नळी करावी. पाश्चात्त्य नमुन्यांत धुण्याच्या पाण्याचा विचारच नसतो, कारण तेथे कागद वापरतात. आपल्याकडे शेजारी तिसरी जागा करून ते पाणी कर्दळीच्या किंवा केळीच्या वाफ्यात सोडावे. पाहुण्याला हे आधी समजावून सांगावे लागते. संकोच वाटतो खरा, पण न सांगितल्यास आठ दिवस वास सोसावा लागतो.

शौचानंतर दोन ओंजळी राख, किंवा कोरडी माती व पालापाचोळा टाकावा. पहिली कोठी भरली की तिची बैठक फरशीने झाकून दुसरी सुरू करावयाची. उत्तर व्हिएतनाममध्ये १९५६ पासून अशाच जोडकोठ्यांचा प्रसार झाला. एवढ्या लहान कोठीतील ढीग शेणखताच्या ढिगासारखा तापत नाही, ही गोष्ट बहुतेक उत्साही लेखक सांगत नाहीत. रोगजंतू मरतात ते कोरडेपणाने, राखेच्या क्षारतेने आणि मुख्यतः वेळेने. जंतांची अंडी सर्वांत चिवट असतात. उष्ण प्रदेशात बंद कोठीला किमान एक वर्ष, थंड प्रदेशात दीड ते दोन वर्षे द्यावीत, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मार्गदर्शनाचे सांगणे आहे. थंड हवेच्या ठिकाणी म्हणूनच कोठ्या मोठ्या बांधाव्यात. घाई करून दार उघडले, तर आपण पुन्हा टोपलीच्या संडासापाशी येतो.

मुदत भरल्यावर निघते ती करड्या, भुसभुशीत मातीसारखी वस्तू. ती घरच्याच माणसांनी काढावी, हातमोजे घालून. नंतर हात साबणाने धुवावेत. ती माडाच्या किंवा आंब्याच्या आळ्यात पुरावी, कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाजीला देऊ नये. वेगळ्या साठविलेल्या लघवीत पाचपट ते दहापट पाणी घालून ती झाडाच्या बुंध्यापासून थोड्या अंतरावर जमिनीत ओतावी. रिकाम्या कोठीच्या तळाशी कोरड्या मातीचा वीतभर थर द्यावा, दाराच्या विटा परत रचाव्यात आणि फरशी त्या बाजूने उचलून दुसऱ्या बैठकीवर ठेवावी.