आपल्या गॅलरीतला बंदर रस्ता
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात सोसायटीच्या हॉलमध्ये केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



सेक्रेटरींनी मला वीस मिनिटं दिली आहेत आणि विषय दिलाय ‘सोसायटीच्या आठवणी’. पण पाण्याच्या टँकरच्या आणि लिफ्टच्या आठवणी तुम्ही सगळ्यांनी लिहिल्याच आहेत. मी बोलणार आहे गॅलरीतून दिसणाऱ्या रस्त्याबद्दल. त्या रस्त्यावर मी पोट भरलं, आणि त्याच्याविरुद्ध पहिली तक्रारही मीच लिहिली.

आधी थोडं मुंबईचं. १९७८ साली मी मशीद बंदरला एका क्लिअरिंग एजंटकडे कारकून म्हणून लागलो. रोजचा रस्ता पी. डिमेलो रोड. एका बाजूला गोदीची लांबलचक भिंत, त्यात यलो गेट, ग्रीन गेट, अशी रंगांची नावं. पूर्वीचा हा फ्रियर रोड. गोदी कामगारांचे पुढारी प्लॅसिड डिमेलो यांचं नाव त्याला नंतर मिळालं. प्रिन्सेस डॉक १८८० सालचा, व्हिक्टोरिया १८८८ चा, आणि आत्ताचा इंदिरा डॉक म्हणजे १९१४ चा अलेक्झांड्रा. ही गोदी बांधली तेव्हा माल बैलगाडीनं आणि रेल्वेनं जायचा. आमच्या वेळी तो ट्रकनं जायला लागला होता, आणि ट्रकला बाहेर पडायला वाट कुठली? एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला अख्खं शहर. माल उतरायला लागायचा त्याहून जास्त वेळ तो शिवपर्यंत न्यायला लागायचा, असं आम्ही चेष्टेनं म्हणायचो. पोती आणि खोकी जाऊन कंटेनर आले तेव्हा तर चेष्टाही संपली. चाळीस फुटी खोकं घेऊन वळायला त्या गल्ल्यांत जागाच नव्हती.

म्हणून खाडीपलीकडे न्हावा शेवा. २६ मे १९८९ ला ते बंदर सुरू झालं आणि आमच्या शेठनी मला पलीकडे पाठवलं. भाऊच्या धक्क्यावरून लाँचनं मोरा, तिथून मिळेल त्या वाहनानं पुढे. पहिली काही वर्षं तिथं एवढी शांतता असे की जेवणाच्या सुट्टीत आम्ही बगळे मोजायचो. १९९९ ला खाजगी टर्मिनल सुरू झालं आणि मग बगळे मोजायला कोणाला वेळ राहिला नाही.

आता रस्ता. बंदराला मुख्य वाटा दोन. एक पळस्पे फाट्यावरून, जिथं पुण्याचा आणि गोव्याचा महामार्ग फुटतो, तिथून गव्हाणफाटा, जासई, करळफाटा करत बंदराच्या दारात जाते. जुन्या लोकांच्या तोंडी ती अजून ‘चार बी’ आहे, पाट्यांवर आता ३४८ आहे. दुसरी आपली, आम्र मार्ग, म्हणजे ३४८ ए. उरण फाट्यावर सायन-पनवेल हायवे सोडायचा, किल्ला जंक्शनवरून पनवेलच्या खाडीवरचा पूल ओलांडायचा, उलवे डावीकडे-उजवीकडे ठेवत गव्हाणफाट्याला पहिल्या वाटेला जाऊन मिळायचं. आम्र म्हणजे आंबा. पंचवीस वर्षांत या रस्त्यावरून मी आंब्यापेक्षा आंब्याचे कंटेनरच जास्त पाहिले.

किती कंटेनर? मुलांनो, हिशेब करा. वीस फुटी खोक्याला एक मोजतात, चाळीस फुटीला दोन. २०२४-२५ मध्ये या बंदरानं ७० लाखांवर खोकी हाताळली. ३६५ नं भागा. दिवसाला १९ हजारांच्या वर. थोडी रेल्वेनं जातात. बाकीची, रविवार असो की दिवाळी, रस्त्यानंच.

२००० साली आपण इथं राहायला आलो तेव्हा याचा अंदाज मलाच सर्वांत जास्त असायला हवा होता. पण बंदरात काम करणारा माणूससुद्धा घर घेताना गॅलरीतून फक्त खाडीच बघतो!

२०११ ला सर्व्हिस रोडवर ट्रेलर रांगेनं उभे राहायला लागले. बंदराच्या गेटवर गर्दी असली, कागद तयार नसले, की ड्रायव्हर बिचारा थांबणार कुठं? आपल्या गेटसमोर. एका संध्याकाळी आपल्यातला एक मुलगा क्लासवरून येताना दोन ट्रेलरच्या मधून रस्त्यावर आला आणि मोटारसायकलनं त्याला उडवलं. पाय मोडला. तो आज मुलाला घेऊन इथं बसलाय, देवाची कृपा. मी तेव्हा सेक्रेटरी होतो. रात्री बसून पत्र लिहिलं. त्यात एक वाक्य होतं, जे मला त्यावेळी फार आवडलं होतं : ‘या अवजड वाहनांचा आमच्या वसाहतीशी काहीही संबंध नाही.’

सगळ्यांनी सह्या केल्या. बी विंगमधल्या मावशींनी केली नाही. मला वाटलं चष्मा सापडत नसेल. त्या म्हणाल्या, “भाऊ, संबंध नाही असं कसं लिहिलंस? माझा पोरगा त्याच गाडीवर आहे. आणि तू कुठल्या जागेवर राहतोस ते ठाऊक आहे का तुला?”

ठाऊक होतं. म्हणजे कागदावर ठाऊक होतं. आपला भूखंड साडेबारा टक्क्यांतला, मावशींच्या घरचा. बिल्डरनं त्यांना दोन फ्लॅट दिले, म्हणून त्या आपल्या शेजारी. साडेबारा टक्के म्हणजे काय, हे मात्र मी कधी विचारलं नव्हतं.

पुढच्या जानेवारीत, १६ तारखेला, त्यांनी मला गाडी काढायला लावली. त्याआधी दरवर्षी त्या आम्र मार्ग पायी ओलांडून पलीकडून गाडी पकडायच्या. आता गुडघे ऐकत नव्हते. पूल ओलांडला तशा त्या खिडकीतून बोट दाखवत राहिल्या. इथं मिठागर होतं. इथं भाताची खाचरं, इथं खारा बांध, भरतीला फुटला की अख्खं गाव माती घेऊन धावायचं. मी त्या रस्त्यावरून बावीस वर्षं जात होतो, आणि मला फक्त सिग्नल ठाऊक होते.

जासईला हुतात्म्यांचा कार्यक्रम होता. १९८४ च्या जानेवारीत नवी मुंबईसाठी आणि बंदरासाठी जमिनी घेतल्या जात होत्या. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले. दिबा जासईचेच. १६ आणि १७ जानेवारीला गोळीबार झाला, पाच जण गेले. त्या लढ्यातून पुढे आलं ते साडेबारा टक्के : घेतलेल्या जमिनीच्या तेवढ्या हिश्शाचा विकसित भूखंड शेतकऱ्याला परत. मावशींचे यजमान त्या गर्दीत होते. ते घरी परत आले. १९८४ ला मी मशीद बंदरच्या ऑफिसात ती बातमी वाचली होती आणि पान उलटलं होतं.

सगळ्यांना मिळालं असं समजू नका. बंदरासाठी ज्यांची जमीन गेली, त्यांचा साडेबाराचा प्रश्न २०१४ मध्ये, बंदर रस्त्याच्या रुंदीकरणाची पायाभरणी झाली तेव्हासुद्धा, सुटलेला नव्हता. शेवा कोळीवाडा उठवून हनुमान कोळीवाडा वसवला, तिथं घरांना वाळवी लागली. ते लोक अजून दुसरी जागा मागतायत.

येताना मी मावशींना विचारलं, पत्र फाडू का? त्या म्हणाल्या, “फाडतोस कशाला? पोराचा पाय मोडलाय. ते एक वाक्य काढ.”

काढलं. त्याऐवजी लिहिलं की ड्रायव्हरांना थांबायला जागा, संडास आणि पाणी द्या, म्हणजे ते आमच्या गेटवर थांबणार नाहीत. आपल्याच काही सभासदांना हे पटलं नाही, मला ‘ट्रान्स्पोर्टवाल्यांचा माणूस’ म्हटलं गेलं. होतोच मी! सर्व्हिस रोड मोकळा व्हायला पुढे कितीतरी पत्रं आणि तीन सेक्रेटरी लागले. अजूनही पावसाळ्यात रात्री एखादा उभा असतोच. परवा मी खाली जाऊन विचारलं, तर नागपूरहून संत्री घेऊन आला होता, दोन दिवस झोप नव्हती.

रस्ता आता रुंद झालाय, गव्हाणफाट्याची जुनी कोंडी बरीच हलली. १२ जानेवारी २०२४ ला शिवडीहून अटल सेतू थेट चिर्ल्याला उतरला, २१.८ किलोमीटर. त्याच दिवशी लोकलही उरणपर्यंत गेली. ज्या शिवडीवरून बाहेर पडायला आमच्या ट्रकला अर्धा दिवस लागायचा, तिथून माझा नातू कॉफी संपायच्या आत पलीकडे असतो.

मावशी आज खाली येऊ शकल्या नाहीत, पण त्यांच्या खिडकीत माईक ऐकू जातोय, तेव्हा काही चुकलं असेल तर उद्या कळेलच. १६ जानेवारीला आम्ही जासईला जाणार आहोत. गाडीत दोन जागा रिकाम्या आहेत. सकाळी आठला गेटवर. टोपी आणा, तिथं सावली नाही.