पगार थेट मोबाईलवर, पण मोबाईल कोणाच्या हातात?

आजचा भाग छोटा आहे, त्यामुळे स्पीड वाढवू नका, नीट ऐका.

२००९ सालची गोष्ट आहे, अफगाणिस्तानातली. तिथे पोलिसांचा पगार रोख मिळायचा. काबूलहून निघालेली रक्कम प्रांतात, तिथून जिल्ह्यात, मग कमांडरकडे, आणि शेवटी शिपायाच्या हातात. वाटेत प्रत्येक जण थोडं थोडं काढून घ्यायचा. मग सरकारने वर्दक प्रांतात एक प्रयोग केला. रोशन नावाच्या मोबाईल कंपनीची एम-पैसा सेवा वापरून, साधारण पन्नास पोलिसांचा पगार थेट मोबाईलवर टाकला. अनेकांना लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून फोनवर आवाजात सूचना ठेवल्या होत्या. (हे डिझाईन मला फार आवडलं.)

पहिला पगार आला आणि काही शिपायांना वाटलं, सरकारने पगारवाढ दिली! जवळपास तीस टक्के जास्त. वाढ वगैरे काही नव्हती हो. तो त्यांचा पूर्ण पगार होता, आयुष्यात पहिल्यांदा मिळालेला. शिवाय यादीतले निदान दहा टक्के पोलीस अस्तित्वातच नाहीत, हेही कळलं.

इथपर्यंतची गोष्ट सगळे सांगतात. पुढची मला जास्त महत्त्वाची वाटते. एका कमांडरने आपल्या शिपायांचे फोन आणि पिन काढून घेतले, आणि सगळ्यांचा पगार उचलायला स्वतः एजंटकडे गेला.

हे वाचलं तेव्हा मला हसू नाही आलं, काका आठवले. माझ्या मावशीचे यजमान एका नगरपालिकेत सफाईचं काम करतात. काम सरकारी, पण माणूस ठेकेदाराचा. पगार बँकेतच जमा होतो, कागदावर सगळं चोख. फक्त एटीएम कार्ड मुकादमाकडे. पिन त्याला माहीत. खात्याला जोडलेला नंबरही त्याचाच, म्हणजे पैसे आल्याचा मेसेज त्यालाच जातो. काकांना महिन्याला तो मोजून देईल तेवढे.

आम्ही इंजिनिअर लोक सिस्टीम बनवताना धरून चालतो की पिन टाकणारा म्हणजेच खातेदार. व्यवहार झाला, लॉगमध्ये हिरवी टिक आली, विषय संपला.

आणि यादीचं काय? २०२५ मध्ये नागपुरात बोगस शालार्थ आयडीचं प्रकरण बाहेर आलं. शालार्थ म्हणजे शिक्षकांच्या पगाराची ऑनलाईन प्रणाली. तिथे अपात्र लोकांची नावं घुसवून पगार काढल्याचा आरोप आहे, अधिकाऱ्यांना अटकही झाली. पैसे तर थेट खात्यातच गेले ना! एंट्री कोणी केली, मंजूर कोणी केली, हे दोन वेगळ्या माणसांनी तपासलंच नाही तर कितीही भारी पोर्टल बनवा.

मागच्या दिवाळीत मावशी म्हणाली, "तू कम्प्युटरवाला ना रे, असं काहीतरी कर की पैसे ह्यांच्याच हातात पडतील." मी म्हटलं, सोपं आहे. बँकेत जायचं, कार्ड ब्लॉक करायचं, नवीन घ्यायचं, खात्याला काकांचा नंबर जोडायचा. अर्ध्या तासाचं काम, मी येतो सोबत.

काका म्हणाले, "आणि दुसऱ्या दिवशी हजेरीत माझं नाव नसलं तर?"

ते अजून बँकेत गेलेले नाहीत. एप्रिलमध्ये ठेका बदलतोय, तोवर थांबू म्हणतात.