तक्रारीचा अर्ज आणि मुलाचे वर्ष



वर्धापनदिनी रांगोळी, भरतकाम, फराळ यांवर बोलणे झाले म्हणजे सर्वांनाच बरे वाटते. आज मात्र मी कोरड्या सरकारी अर्जाविषयी चार शब्द सांगणार आहे. आपल्यातील काही जणींच्या मुलांना वाचन साधत नाही, कुणाला ऐकू कमी येते, कुणाच्या बुद्धीची वाढ मंद आहे. शाळेने मदत नाकारली की त्या आया माझ्याकडे तक्रार लिहून घ्यावयास येतात. तक्रार अवश्य करावी. पण तिच्याने काय होते आणि काय होत नाही, हे आधी जाणून घ्यावे.

कायदा आपल्या बाजूचा आहे. २००९ च्या कायद्याने ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क दिला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार धरले आहेत. वाचन-लेखनाची अडचण, म्हणजे अध्ययन अक्षमता, हीही त्यांत आली. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा अधिक ठरले, तर १८ वर्षांपर्यंत शिक्षण मोफत आहे.

दाद मागण्याची दारे मुख्यतः दोन. पहिले स्थानिक प्राधिकरणाचे; म्हणजे नाशिक शहरात महानगरपालिका, खेड्यांत जिल्हा परिषद. लेखी तक्रारीचा निकाल त्यांनी तीन महिन्यांत द्यावयाचा असतो. तो पटला नाही, तर राज्य बालहक्क आयोगाकडे अपील करता येते. दुसरे दार पुण्यास, दिव्यांगांच्या राज्य आयुक्तांचे. ते साक्षीदार बोलावतात, कागद मागवतात. पण अखेर करतात ती शिफारस. ती ज्या अधिकाऱ्याकडे जाते, त्याने काय केले हे तीन महिन्यांत कळवावे. मानावयाची नसेल तर कारण द्यावे. जुन्या कायद्याखालील एका बँक कर्मचाऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१० सालीच सांगितले, की निकाल लागेपर्यंतचा तात्पुरता हुकूम आयुक्तांना देता येत नाही.

आता हे महिने शाळेच्या वर्षाशी ताडून पाहा. माझ्या ओळखीच्या एका आईने डिसेंबरात अर्ज केला. परीक्षेत मुलाला प्रश्न वाचून दाखवावेत, एवढेच मागणे. उत्तर आले ते तिच्याच बाजूचे; पण तोवर परीक्षा उरकून उन्हाळ्याची सुट्टी लागली होती. ते वर्ष त्या मुलाला कोण परत देणार?

आणखी एक. प्राथमिक शाळेत अशा १० मुलांमागे व वरच्या वर्गांत १५ मुलांमागे एक विशेष शिक्षक असावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली म्हटले. पण जागाच रिकामी असेल, तर आपल्या अर्जाने दुसऱ्या दिवशी शिक्षक येत नाही.

म्हणून माझे सांगणे असे, की जूनमध्येच मुख्याध्यापकांना पत्र द्या आणि पोच घ्या. सरकारी रुग्णालयाचा दाखला जोडा. ‘बाई रागावतात’ असे लिहू नका; अमुक तारखेस अमुक मागितले, अमुक उत्तर मिळाले, एवढे लिहा. प्रकरण तातडीचे असेल तर वकील गाठा. १९८७ च्या कायद्याने स्त्रिया, मुले व दिव्यांग यांना मोफत वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे.

आपल्याच नाशकात रजनीताई लिमये यांनी १९७७ साली मतिमंद मुलांसाठी प्रबोधिनी विद्यामंदिर काढले, तेव्हा यांपैकी एकही कायदा नव्हता. आज कायदे आहेत, पण एकटी आई कार्यालयाच्या पायऱ्या चढून थकते. तेव्हा माझी मंडळाला विनंती आहे: शनिवारची दुपार अशा अर्जांसाठी राखावी. सही आईची असू दे. तिच्याबरोबर आपल्यातील दोघींनी जावे आणि पोच घेऊनच परतावे.