चार इंच बर्फाचा भरवसा

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



व्याख्यानमालेसाठी माझं नाव निघालं तेव्हा समितीची अपेक्षा होती की हा निवृत्त बँकवाला आहे, मुदत ठेवी, वारसनोंद आणि मृत्युपत्र यांवर बोलेल. ते विषय महत्त्वाचेच आहेत. पण त्यांवर मी दर वार्षिक सभेत बोलतो आणि तेव्हा किती जण ऐकत असतात ते मला समोरून दिसतं. म्हणून आज विषय बदलला आहे. आज मी मासेमारीवर बोलणार आहे, आणि तीही गोठलेल्या तळ्यावरच्या. ज्यांच्या घरात मासे चालत नाहीत त्यांनी मन घट्ट करून ऐकावं. शिजवण्याचा भाग मी शेवटी, अगदी थोडक्यात ठेवला आहे.

आपल्या सोसायटीत आज निम्म्या घरांतली मुलं पुण्याला आहेत आणि उरलेल्यांपैकी बरीचशी परदेशात. आपण त्यांच्याकडे जातो ते मे-जूनमध्ये, तिकडे हवा चांगली आणि इकडे ४५ अंश. पण बाळंतपण काही हंगाम बघून येत नाही. डिसेंबर २०२२ ते मार्च २०२३ मी धाकट्या मुलाकडे मिनेसोटात होतो. मिनियापोलिस शहराच्या बाहेर त्यांचं घर आहे. पहिले तीन आठवडे मी खिडकीतून बाहेर बघितलं. बाहेर पांढरं, आत हीटर, मुलगा-सून कामात, मोठा नातू शाळेत. चालायला बाहेर पडावं तर सून म्हणे, "आबा, घसराल." बरोबरच होतं तिचं. इथे बसलेल्यांपैकी ज्यांनी तो अनुभव घेतला आहे त्यांना जास्त सांगायला नको. टीव्हीवर मराठी मालिका असतात, पण मालिका बघायला हजारो मैल कशाला जायचं?

आता थंडीचं प्रमाण समजून घ्या. आपल्या धुळ्याला कृषी महाविद्यालयाच्या केंद्रावर पारा पाच-सहावर आला की पेपरात पहिल्या पानावर बातमी येते. रावेर-यावलकडे केळीची निसवण अडकते, शेतकरी रात्री बागेच्या कडेला धूर करतात. तिकडे उणे २० म्हणजे नेहमीचा दिवस. त्या दिवशीही शाळा भरते, पोस्ट येतं. आणि लोक तळ्यावर जाऊन बसतात.

मिनेसोटाच्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर 'दहा हजार तळी' असं छापलेलं असतं. ते कमी करून सांगितलेलं आहे. दहा एकरांहून मोठी तळी मोजली तर ११,८४२ भरतात. आपल्याकडे पाण्याच्या बाबतीत कोणी आकडा कमी करून सांगितल्याचं मला तरी आठवत नाही. हिवाळ्यात ही बहुतेक सगळी गोठतात. मला पहिला प्रश्न हाच पडला की तळं गोठलं तर मासे जगतात कसे?

याचं उत्तर आपण शाळेत शिकलो होतो आणि विसरलो. बहुतेक पदार्थ गार होत गेले की आकसतात आणि जड होतात. पाणीही तसंच करतं, पण फक्त ४ अंशांपर्यंत. त्याखाली ते उलट फुगायला लागतं आणि बर्फ होताना साधारण नऊ टक्के जास्त जागा घेतं. म्हणून बर्फ वर तरंगतो, आणि ४ अंशांचं जड पाणी तळाशी जाऊन बसतं. वरचा बर्फ मग गोधडीचं काम करतो. बाहेर उणे २५ आणि तळाशी ४, म्हणजे धुळ्याच्या गार पहाटेपेक्षा जरासंच कमी. मासे त्या पाण्यात मंद हालचाल करत हिवाळा काढतात. पाणी जर इतर पदार्थांसारखं वागलं असतं, तर तळी तळापासून गोठत वर आली असती आणि एकही मासा वाचला नसता. धोका असतो तो उथळ तळ्यांना. बर्फावर हिमाचा जाड थर साचला की आत उजेड जात नाही, पाणवनस्पती प्राणवायू तयार करत नाहीत आणि मासे गुदमरतात.

मुलाच्या शेजारी माझ्याच वयाचे एक गृहस्थ राहतात, टपाल खात्यातून निवृत्त झालेले. त्यांना विचारलेलं नाही म्हणून नाव सांगत नाही. ते एकदा रस्त्यावरचं हिम ओढताना थांबले, खिडकीतल्या मला त्यांनी हात केला आणि दुसऱ्या दिवशी दारात येऊन विचारलं, तळ्यावर येता का? त्यांनी पहिल्याच दिवशी मला नुसत्या नावाने हाक मारली. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला नावाने हाक मारणारं आता घरात कोणी उरलेलं नसतं. मला ते बरं वाटलं.

सुनेचा विरोध होता. शेवटी असं ठरलं की नातवालाही न्यायचं नाही आणि मीही काठावरूनच बघायचं. दोन खेपांनंतर नातू आणि मी दोघेही आत होतो, त्याचं कारण त्या गृहस्थांची शिस्त.

तळ्याच्या काठाशी गाडी उभी करून त्यांनी पहार काढली. आपली खड्डा खणायची पहार असते तशीच, फक्त टोक छिन्नीसारखं. दोन पावलं जायचं आणि पुढ्यात पहार हाणायची. पहार आरपार गेली नाही तर आणखी दोन पावलं. थोडं आत गेल्यावर गिरमिटाने भोक पाडायचं. सुतार लाकडाला पाडतो तसं, पण गिरमिट माझ्या छातीएवढं उंच आणि बॅटरीवर चालणारं. मग त्या भोकात पट्टी घालून बर्फाची जाडी मोजायची. पायी चालायला स्वच्छ, काचेसारखा बर्फ निदान ४ इंच हवा. लहान मोटार न्यायची तर ९-१० इंच, मोठ्या पिकअप गाडीला १३ च्या पुढे. हिम मिसळून गोठलेला पांढरा बर्फ असेल तर त्याची ताकद निम्मी धरायची, म्हणजे ४ च्या जागी ८. हे आकडे तिथल्या राज्याच्या नैसर्गिक संपत्ती खात्याने छापून दिलेले आहेत, आणि त्याखाली तेच खातं लिहितं की कोणताही बर्फ शंभर टक्के सुरक्षित नसतो.

मी विचारलं, परवाच तर मोजला होता ना? ते म्हणाले, परवाचा बर्फ परवाचा. शिवाय एका जागी दहा इंच आणि पन्नास फुटांवर तीन इंच असं होऊ शकतं. खालून झरा असतो, कुठे ओढा येऊन मिळतो, कुठे पुलाखालून प्रवाह वाहतो.

मी ३६ वर्षं कर्जं दिली आहेत. केळीच्या बागेवर पीककर्ज देताना कागदावरची खोडं आणि शेतातली खोडं यांचा मेळ बसतो का, हे बांधावर जाऊन बघायचो. मागच्या साहेबाने पाहिलं होतं, एवढ्यावर मी सही केली नाही. त्यामुळे त्या पोस्टमनची पहार मला लगेच पटली. गळ्यात ते दोरीला बांधलेल्या दोन टोकदार मुठी अडकवून ठेवत. बर्फ फुटून माणूस आत गेला तर ओल्या हातांना बर्फाची कड धरता येत नाही. ही टोकं रुतवून स्वतःला वर ओढायचं आणि वर आल्यावर उभं न राहता लोळत, आलो त्याच दिशेने परत जायचं. हे त्यांनी माझ्या नातवाकडून दिवाणखान्यातल्या गालिच्यावर तीन वेळा करून घेतलं. मग सूनही काही बोलली नाही.

आपल्याकडे हातनूर असो, गिरणा असो, दर पावसाळ्यात धरणावर पोहायला गेलेल्या पोरांची बातमी येते. पुढ्यात काठी टाकून खोली बघितली होती का, असं कोणी विचारत नाही. असो.

बाकी सामान बघून मला हसू आलं, कारण ते सगळं ओळखीचं निघालं. भोकात बर्फाचा चुरा जमतो तो काढायला चक्क झारा, भजी तळायचा असतो तसाच. बसायला उलटी घातलेली बादली. गळाची काठी दोन-अडीच फुटांची, कारण भोक पायाशीच असतं, लांब फेकायचं काही नाही. गळाला लावायची अळी म्हणजे मधमाश्यांच्या पोळ्यातलं मेण खाऊन टाकणारी अळी. ती तिकडे डबीत विकत मिळते. ती गोठू नये म्हणून ते गृहस्थ डबी कोटाच्या आतल्या खिशात ठेवत, जिथे मी पासबुक ठेवतो. ज्यांना परवडतं ते चाकांवरची खोली ओढून आणतात, आत शेगडी, बिछाना, टीव्ही. आमचा साधा तंबू होता. पूर्वी ओजिब्वे आणि डाकोटा हे तिथले मूळ रहिवासी भोकावर ओणवे होऊन अंगावरून पांघरूण घेत, म्हणजे अंधारात खालचं पाणी स्वच्छ दिसे. मग लाकडी मासा दोरीने हलवत, आणि खरा मासा जवळ आला की भाला मारत. आपल्या तापीकाठच्या भोई बांधवांना जाळं फेकताना पाहिलेलं आहे, हातनूरला पहाटे होड्या निघतात त्याही पाहिल्या आहेत. पण शिकार बसून, गप्पा मारत करायची, हा प्रकार मला नवा होता.

आणि बर्फ बोलतो. थंडी वाढली की तो ताणला जातो, आणि तळ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तोफेसारखा आवाज जातो. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी बादलीवरून उठलो. तिकडची माणसं मात्र तो आवाज म्हणजे बर्फ धरतोय असं समजतात.

आता माशांकडे येतो. आम्ही धरत होतो त्यांना पॅनफिश म्हणतात, म्हणजे तव्यात मावेल एवढा मासा. ब्लूगिल, क्रॅपी, पिवळा पर्च हे त्यातले मुख्य. ब्लूगिल तळहाताएवढा, चपटा, आपल्या तिलापियाच्या तोंडवळ्याचा. हिवाळ्यात तो इतका हलके तोंड लावतो की काठीचं टोक नुसतं थरथरतं. नातवाची नजर तीक्ष्ण, त्याला कळायचं. मला बहुतेक वेळा तो गेल्यावर कळायचं.

मासे धरायला लायसन्स लागतं आणि मी पडलो अनिवासी, त्यामुळे दर जास्त. एके काळी अनिवासी ठेवींवर जास्त व्याज देत असू, तिथे त्याची वसुली झाली. प्रत्येक जातीला रोजची मर्यादा असते. राज्यभर ब्लूगिलच्या गटाला २०, क्रॅपीला १०. पण २०२१ पासून काही निवडक तळ्यांवर ब्लूगिलची मर्यादा ५ किंवा १० वर आणली आहे, आणि अशी तळी आता २०० च्या वर गेली आहेत. आमचं तळं पाचवालं होतं.

त्यामागचं कारण ऐकण्यासारखं आहे. उन्हाळ्याच्या सुरुवातीला ब्लूगिलचा नर उथळ पाण्यात शेपटीने वाळू बाजूला सारून खळगा करतो आणि मादीने घातलेल्या अंड्यांची राखण करतो. मोठे नर राखण करत असतात तोवर लहान नर थांबतात आणि वाढत राहतात. लोकांनी मोठे मोठे तेवढे उचलून नेले की लहान नरांना वाटतं आता आपली पाळी. मग ते वाढणं सोडून लवकर प्रजननाला लागतात. काही वर्षांत तळ्यात मासे भरपूर असतात, पण सगळे बोटभर. त्या गार पाण्यात नऊ इंची ब्लूगिल व्हायला आठ-दहा वर्षं लागू शकतात आणि तो न्यायला एक मिनिट. आपल्याकडेही शेततळ्यात तिलापिया सोडून ज्यांनी पाहिलं आहे त्यांना माहीत आहे की पैदास बेसुमार होते आणि मासा काही वाढत नाही. मी एका धरणाजवळच्या शाखेत असताना तिथली मच्छीमार सहकारी संस्था दरवर्षी पावसाळ्यात रोहू-कटल्याची बोटुकली सोडायची. ती वाढेपर्यंत लहान जाळं टाकू द्यायचं नाही, यावर त्यांच्या सभेत जेवढी भांडणं व्हायची तेवढी कर्जफेडीवर झाली नाहीत.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी आमच्या तिघांचे मिळून बरेच झाले होते. नातवाचे पाच झाले आणि सहावा आला तो त्या मोसमातला सगळ्यात मोठा. पोराने तो दोन्ही हातांत धरला होता. तळ्यावर कोणी अधिकारी नव्हता, दूरवर दोन तंबू तेवढे दिसत होते. माझे चारच झाले होते, तेव्हा मी मराठीत म्हटलं, माझ्या नावावर घाल. बँकेतला माणूस, खातं बदलायला मला किती वेळ लागणार? नातवाने त्या गृहस्थांकडे बघितलं. ते काही बोलले नाहीत, आपल्या भोकातला चुरा झाऱ्याने काढत बसले. पोराने एकदा मासा माझ्यापुढे धरला, फोटो काढायला लावला आणि भोकात सोडून दिला. "आबा, हा नर असेल," एवढंच म्हणाला.

मार्च उजाडला. बर्फ अजून १५ इंच होता, मी स्वतः पट्टी धरली होती. तरी ते म्हणाले, आता बंद. उन्हाने बर्फ आतून उभा उभा चिरत जातो, सुट्या मेणबत्त्या शेजारी शेजारी उभ्या कराव्यात तसा. जाडी तेवढीच दिसते पण धरून ठेवण्याची ताकद गेलेली असते. कायद्याप्रमाणेही राज्याच्या दक्षिणेकडच्या मोठ्या भागात मार्चच्या पहिल्या सोमवारी रात्रीपर्यंत तळ्यावरच्या खोल्या उचलाव्या लागतात. नातू रडला. मलाही पुढचे दोन आठवडे जड गेले.

पुढचा हिवाळा, २०२३-२४ चा, मिनेसोटाच्या नोंदीतला सगळ्यात उबदार ठरला. २९ डिसेंबरला अप्पर रेड लेकवर बर्फाचा मोठा तुकडा काठापासून सुटला आणि त्यावरच्या शंभराहून जास्त लोकांना सोडवून आणावं लागलं. सगळे वाचले. गल लेकवर १९९१ पासून धर्मादाय कामासाठी मासेमारीची मोठी स्पर्धा भरते, तीही त्या जानेवारीत बर्फाअभावी रद्द झाली. मी इथे जळगावात होतो. फोनवर विचारलं तर कळलं की शेजारचे गृहस्थ रोज सकाळी काठावर जातात, पहार हाणतात आणि परत येतात. तीन इंच, म्हणे.

ज्यांना या हिवाळ्यात मुलांकडे जायचं आहे त्यांच्यासाठी दोन गोष्टी. लोकरी मोजे दोन घालायचे, पण बूट एक नंबर मोठा हवा, नाहीतर दोन मोज्यांनी पाय आवळून उलट जास्त गार पडतात. आणि शेजाऱ्याने हात केला तर खिडकीतून उठून दार उघडायचं.

शिजवण्याचं सांगायचं राहिलं. ते लोक मैद्यात घोळवून लोण्यात तळतात. आमच्याकडे सुनेने आपला काळा मसाला, लिंबू आणि रवा लावून तव्यावर शॅलो फ्राय केले. त्या गृहस्थांनी चार खाल्ले, डोळ्यांतून पाणी काढलं आणि मसाल्याची पुडी मागून नेली. पुढच्या महिन्यात मुलगा येतोय, त्याच्याबरोबर अर्धा किलो पाठवायचा आहे. कोणाकडे यंदाचा ताजा कुटलेला असेल तर मला सांगा.