व्यस्त प्रमाण आणि किल्ल्यांतील बोळ

शाळेंत व्यस्त प्रमाण शिकवितांना "गुरुजी, याचा उपयोग काय?" असें मुलें विचारीत. मजूर आणि दिवस यांपलीकडे मजपाशीं उत्तर नसे. तें सांपडलें उशिरां, आणि ज्या संगणकी खेळांस मी वेळेचा अपव्यय म्हणत असें त्यांतच.

१९९२ सालीं अमेरिकेंत 'वोल्फेनस्टाइन थ्रीडी' हा खेळ निघाला. खेळणाऱ्याच्या डोळ्यांसमोर किल्ल्यांतील बोळ उघडत जात; परंतु संगणकापाशीं होता केवळ चौकटींचा सपाट नकाशा. जॉन कार्मॅक यांची युक्ति अशी : पडद्याच्या प्रत्येक उभ्या पट्टीसाठीं नकाशावर एक काल्पनिक किरण सोडावयाचा, भिंत किती दूर लागते तें मोजावयाचें, आणि अंतर दुप्पट असल्यास भिंतीची उंची निम्मी काढावयाची. झाली खोली! त्या काळच्या मंद यंत्रांस एवढाच हिशेब झेपे. मात्र सगळ्या भिंती एकाच उंचीच्या, जमीन सपाट. नाशिकहून पेठेस येतांना लागणारा आपला सावळघाट त्यांत मावला नसता.

१९९३ च्या 'डूम'नें पायऱ्या आणि उंचवटे आणिले, तरी खोलीवर खोली चढवितां येत नव्हती. तें १९९६ च्या 'क्वेक'मध्यें साधलें.

ही किरणांची आकृति फळ्यावर काढावयास मात्र आतां मजसमोर वर्ग नाहीं.