आजोबांच्या आजोबांचे नाव

(मंदिराच्या कलशारोहण समारंभात झालेल्या भाषणाचा मजकूर)



आज आपल्या ग्रामदैवताच्या देवळावर नवा कळस चढला. ज्यांनी पैसा दिला, ज्यांनी श्रम दिले, त्या सर्वांचे अभिनंदन करून मी समितीने दिलेल्या विषयाकडे वळतो. आपल्या घराण्याच्या जुन्या नोंदी कशा शोधाव्यात, हा तो विषय. तो आजच्या समारंभाला सोडून आहे असे कोणी समजू नये. श्राद्धाचा संकल्प सांगताना गुरुजी वडील, आजोबा आणि पणजोबा अशी तीन नावे विचारतात. पहिली दोन नावे तोंडावर येतात. तिसऱ्या नावाला यजमान घरातल्या म्हाताऱ्या माणसाकडे पाहतो. ते माणूस गेले की पाहायचे कोणाकडे?

नाव आणि वंश लिहून ठेवण्याची रीत आपल्या भागाला नवी नाही. आपल्या शेजारच्या चिंचणीस 1955 साली राष्ट्रकूट काळातील ताम्रपट सापडले. त्यांतील एक शके 848 चा, म्हणजे इ. स. 926 चा, तिसऱ्या इंद्राच्या कारकीर्दीतला आहे. त्यात राजाच्या वंशाचे वर्णन आहे, आणि संजाण मंडळाचा कारभार पाहणारा मधुमती हा सहियारहाराचा पुत्र असेही नोंदलेले आहे. मधुमती हे मुहम्मद या नावाचे संस्कृत रूप असल्याचे विद्वान सांगतात. एका ब्राह्मणाने देवीसाठी बांधलेल्या मठिकेला जमीन दिल्याचा तो लेख आहे. देवीची मठिका, देणगी आणि अमक्याचा पुत्र अमका! आज देवळाच्या भिंतीवर देणगीदारांची नावे कोरली, ती याच परंपरेने.

तसाच दुसरा ग्रंथ म्हणजे महिकावतीची बखर. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी ती 1924 साली प्रसिद्ध केली. तिचा एक जुना भाग शके 1370 चा, म्हणजे सन 1448 चा आहे. उत्तर कोकणातील कुळे आणि त्यांची गोत्रे तीत लिहून ठेवली आहेत. आपापल्या कुळाचा विसर पडू नये, ही चिंता तेव्हाच्या माणसांनाही होती.

पण राजांचे ताम्रपट आणि पुढाऱ्यांच्या बखरी यांत आपल्यासारख्या कष्टकऱ्यांचे आजोबा सापडत नाहीत. ते सापडतात साध्या सरकारी दप्तरात. माझ्या आजोबांचा माग मी कसा काढला ते सांगतो, म्हणजे दप्तरांची ओळख आपोआप होईल.

पहिली पायरी शाळेची. प्राथमिक शाळेच्या जनरल रजिस्टरात मुलाचे नाव, वडिलांचे नाव, जात, जन्मतारीख आणि शाळा सोडल्याची तारीख असते. त्यातील जन्मतारखेवर मात्र फार विसंबू नये. जुन्या रजिस्टरांत निम्मे गाव 1 जूनला जन्मलेले आढळते, कारण नाव घालताना गुरुजींनी अंदाजाने वय धरून ती तारीख लिहिली. आमचे आजोबाही 1 जूनचेच निघाले.

दुसरी पायरी जन्ममृत्यूच्या नोंदवहीची. हीच गाव नमुना नंबर 14, आपण जिला कोतवाल बुक म्हणतो ती. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आपला पालघर जिल्हा 1 ऑगस्ट 2014 रोजी झाला. त्यापूर्वीचे सारे कागद ठाणे जिल्ह्याचे आहेत. आणखी मागे गेलो तर पालघर तालुकाही सापडत नाही. तेथे माहीम तालुका लिहिलेला असतो, आणि ते माहीम म्हणजे मुंबईचे नव्हे, आपले केळवे-माहीम. हे ठाऊक नसल्यामुळे पुष्कळजण कागद हाती असूनही बाजूला ठेवतात.

जुन्या नोंदीत बहुधा आडनावही नसते. बाप्याच्या नावापुढे ‘बिन’ आणि बापाचे नाव, विवाहितेच्या नावापुढे ‘कोम’ आणि नवऱ्याचे नाव. आडनावावर बोट ठेवून शोधणारा रिकाम्या हाताने परततो. गाव, बापाचे नाव आणि भावांची नावे ही तिन्ही जुळवून पाहावीत. कागदावर फसली सन असेल तर त्यात 590 मिळवावे, शक असेल तर 78 मिळवावे, म्हणजे इसवी सन येतो. वर्षारंभ निराळा असल्यामुळे एखाद्या वर्षाचा फरक पडतो, तेवढा धरावा.

सन 1918 च्या पावसाळ्याअखेरची पाने मी उघडली. इन्फ्लुएंझाची मोठी साथ सबंध मुंबई इलाख्यात पसरली ते हेच दिवस. आपल्या गावच्या पानांवर एकाखाली एक नावे आहेत आणि मृत्यूच्या कारणाच्या रकान्यात ‘ताप’, ‘ताप’, ‘ताप’ एवढेच. त्या रांगेत माझे पणजोबा होते. आमच्या घरी ते ‘लवकर गेले’ इतकेच सांगत. कसे गेले ते कोणी सांगितले नव्हते, आणि एकाच आठवड्यात गावातली किती घरे बसली हेही नव्हते.

तिसरी पायरी जमिनीच्या कागदांची. आपल्या इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा 1903 साली झाला आणि त्यानंतर गावोगाव फेरफारांच्या नोंदी होऊ लागल्या. सातबारा जमीन आज कोणाची हे सांगतो, पण ती कोणाकडून आली हे फेरफार सांगतो. म्हणून वंशावळ शोधणाऱ्याने सातबाऱ्यावरच्या वर्तुळातले फेरफार क्रमांक टिपावेत आणि एकेक करून मागे जावे. जुने अभिलेख संगणकावर पाहण्याची सोय आता शासनाने केली आहे. तेथे न मिळाल्यास तहसिलीच्या अभिलेख कक्षात रीतसर अर्ज करावा.

आमच्या वारसाच्या फेरफारात दोन मुलांची नावे निघाली आणि पुढे तीन अक्षरे होती : अ. पा. क. म्हणजे अज्ञान पालन कर्ता. मुले अज्ञान, पालन करणारी आई, आणि त्या आईचे नाव. बंधुभगिनींनो, माझ्या पणजीचे नाव आमच्या घरात कोणालाही माहीत नव्हते. नवऱ्यामागे तिने दोन मुले वाढवली, जमीन सांभाळली, सारा भरला. तिचे नाव उरले ते तलाठ्याच्या एका ओळीत.

दुसरा प्रश्नही त्याच ओळीने उभा केला. हा दुसरा मुलगा कोण? आजोबांना भाऊ होता हे आम्ही कधी ऐकले नव्हते. पुढच्या एकाही कागदात त्याचे नाव नाही.

त्याचे उत्तर मिळाले चौथ्या पायरीवर, नाशिकला. नाशिक आणि त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्याय आपल्या यजमानांच्या वह्या पिढ्यान् पिढ्या राखतात. गाव आणि घराणे सांगितले की ते नेमकी वही काढतात. आजोबा आईच्या अस्थी घेऊन गेले होते. त्या पानावर आईचे नाव आहे, बापाचे आहे, आजाचे आहे, आणि ‘धाकटा भाऊ मुंबईस गिरणीत’ असे लिहून खाली आजोबांची मोडीत सही आहे. पुढे काही वर्षांनी तो भाऊही तेथे गेला आणि त्याने आपल्या मुलांची नावे त्याच पानावर लिहून ठेवली. त्या नावांवरून आम्ही मुंबईत चौकशी केली. त्या शाखेची सात माणसे आज या मांडवात बसली आहेत.

मोडी वाचता येत नाही म्हणून थांबू नये. शासनाचे पुराभिलेख संचालनालय मोडीची परीक्षा घेते, ती उत्तीर्ण झालेले वाचक मिळतात. आपल्या तरुणांपैकी दोघा-तिघांनी ही लिपी शिकून घेतली तर सबंध गावाची सोय होईल.

हे सर्व केवळ कौतुकासाठी करावयाचे नाही. जातीच्या दाखल्याची पडताळणी करताना इतर मागासवर्गीयांना 13 ऑक्टोबर 1967 च्या, विमुक्त व भटक्या जमातींना 21 नोव्हेंबर 1961 च्या आणि अनुसूचित जमातींना 6 सप्टेंबर 1950 च्या सुमाराचा अथवा आधीचा पुरावा लागतो. मुलीला प्रवेश मिळाला आणि आजोबांचा कागद मिळाला नाही, म्हणून धावपळ करणारी घरे आपल्यातही आहेत. 2023 साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा तालुक्यातालुक्यांतील जुनी दप्तरे उघडली गेली, हे आपण पाहिलेच आहे.

आपल्या पाड्यांवरील आदिवासी बांधवांची अडचण अधिक मोठी. पिढ्यान् पिढ्या जमीन कसली, पण कागदावर नाव सावकाराचे. कूळकायद्यानंतर, 1 एप्रिल 1957 च्या कृषक दिनाच्या सुमारास, अनेकांची नावे प्रथमच कूळ म्हणून नोंदली गेली. त्यामुळे त्यांचा इतिहास म्हाताऱ्यांच्या तोंडूनच लिहून घ्यावा लागेल, आणि तो लवकर घ्यावा लागेल. तारापूर अणुकेंद्राच्या तिसऱ्या व चौथ्या संचासाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावे उठली. गाव उठले की घर, विहीर, पार मागे राहतात. बरोबर येतो तो कागद आणि आठवण.

सातासमुद्रापलीकडे गेलेल्यांचीही हीच ओढ आहे. मॉरिशसला ऊसमळ्यावर करारावर गेलेल्या मजुरांची रजिस्टरे तेथील मोका गावच्या महात्मा गांधी संस्थेत जपली आहेत. त्यांत बापाचे नाव आणि गाव लिहिलेले असल्यामुळे तेथील मराठी माणसे आपल्या मूळ गावाचा ठाव घेऊ शकतात. चार पिढ्यांनंतर ते शोधतात, आणि आपण तर गावातच आहोत.

म्हणून समितीला माझी दोन नम्र मागणी आहेत. देवळाच्या जुन्या जमाखर्चाच्या आणि वर्गणीच्या वह्या पेटीत आहेत, त्या रद्दीत जाऊ देऊ नयेत. कोणत्या साली कोणत्या घराने किती पायली भात दिले, ही देखील वंशावळच आहे. दुसरी मागणी अशी की, देवळात गावची एक वंशावळ वही ठेवावी. प्रत्येक घराने येत्या वर्षात आपली पाच पिढ्यांची नावे तीत लिहावी. मात्र त्यात केवळ मुलगे लिहू नयेत. घरात आलेल्या सुनेचे माहेरचे नाव, तिचे गाव आणि वडिलांचे नाव लिहावे. सासरी गेलेल्या लेकीचे गाव लिहावे. माझ्या पणजीचे सासरचे नाव मला मिळाले, पण ती कोणत्या गावची लेक होती हे अजून मिळालेले नाही. आपल्या पणतवंडांवर ही वेळ येऊ नये.

कळसाला पुन्हा रंग देता येतो, मंडप पुन्हा बांधता येतो. विसरलेले नाव मात्र वर्गणी काढून परत येत नाही. आज घरी गेल्यावर आपल्या घरातील सर्वात वृद्ध माणसाजवळ बसा, कागद-पेन्सिल घ्या आणि पहिले नाव विचारा.