भार कोणी वाहावा, आवर कोणी घालावा



या व्यासपीठावरून विद्वानांची व्याख्याने आपण ऐकता. आम्ही शाळा अर्ध्यावर सोडलेले. पुढचे शिक्षण काही गॅरेजात झाले, काही युनियनच्या कचेरीत. आजचा विषयही तिथलाच आहे. जुन्या मोटारीच्या स्प्रिंगा आणि शॉकअप बदलताना त्यांची जोडी कशी जुळवावी? विषय लहान वाटेल. परंतु एवढ्याच प्रश्नावर एका कामगाराची भाकरी टांगणीला लागलेली आम्ही पाहिली आहे.

उदाहरणाला आपल्या सर्वांच्या ओळखीची पद्मिनी घेऊ. मूळची ही इटलीची फियाट ११०० डी. ती कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात तयार होत असे, आणि १९७४ पासून तिला पद्मिनी हे नाव मिळाले. मुंबईच्या टॅक्सीतळावरून ती ३० ऑक्टोबर २०२३ रोजी निवृत्त झाली. मात्र हौशी मालकांनी जपलेल्या गाड्या आजही फिरतात. तिच्या पुढच्या चाकांना गुंडाळीच्या स्प्रिंगा असतात, मागच्या ॲक्सलला पाटे असतात आणि चारही चाकांना शॉकअप.

यांत कामाची वाटणी स्पष्ट आहे. स्प्रिंग आणि पाटा भार वाहतात. खड्ड्यात दबलेली स्प्रिंग उसळते, पुन्हा दबते, पुन्हा उसळते. या उसळीला आवर घालणे हे शॉकअपचे काम. त्याच्या पोटात तेल असते, आणि दट्ट्या हलला की ते बारीक भोकांतून जाते. दट्ट्या जितका वेगाने हलेल तितका विरोध अधिक. गाडी उभी असली की विरोध शून्य. म्हणून मागून बसलेली गाडी नवे शॉकअप घालून वर येत नाही. गॅस भरलेला शॉकअप थोडासा वर रेटतो खरा, पण भार वाहणे हे त्याचे काम नव्हे.

दुसरा गैरसमज याहून महाग पडतो. गाडी बसली की लोक म्हणतात, स्प्रिंग नरम झाली, कडक घाला. वस्तुतः बसलेल्या स्प्रिंगची उंची गेलेली असते. पोलादाचा ताठपणा बहुतेक तसाच राहतो. तिला हवी असते मूळ ताठपणाची, पुऱ्या उंचीची दुसरी स्प्रिंग. बाजारात मात्र मिळते ती जाड तारेची. हिशेब पाहा. ताठपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. बाकीची मापे तीच ठेवून १२ मिलिमीटरच्या जागी १३ मिलिमीटरची तार घेतली, तर स्प्रिंग सुमारे ३८ टक्के कडक होते. काम करणाऱ्या ८ वेढ्यांतला १ कापला, तर ती सुमारे १४ टक्के कडक होते आणि गाडी खालीही येते. कडक स्प्रिंगची उसळी जोरकस, म्हणून आवरही वाढवावा लागतो. ३८ टक्क्यांना सुमारे १७ टक्के. शॉकअप जुना आणि थकलेला ठेवला, तर चाक रस्ता सोडून उडते. उडालेल्या चाकाला ब्रेक लागत नाही आणि ते स्टिअरिंगही ऐकत नाही.

एका गॅरेजात हेच घडले. मालकाने जाड तारेच्या स्प्रिंगा आणल्या आणि शॉकअप जुनेच ठेवायला सांगितले. आठ दिवसांत गाडी वळणावर उसळून दुभाजकाला घासली. दोष मिस्त्रीच्या माथी आला: बोल्ट नीट आवळले नाहीत, म्हणून त्याला घरी बसवले. आम्ही त्या दिवशी घोषणा दिल्या नाहीत. जुनी आणि नवी स्प्रिंग टेबलावर ठेवली, दोन्हींच्या तारांना व्हर्निअर लावला, वेढे मोजले आणि हिशेब कागदावर मांडला. बोल्ट आवळलेलेच होते. सोमवारी मिस्त्री कामावर परतला. मोजलेले माप हे कामगाराचे केवढे संरक्षण आहे, हे सांगण्यासाठी ही हकीकत.

मागच्या पाट्यांचीही अशीच कथा आहे. टॅक्सीवाल्यांनी डिकीत गॅसची टाकी बसवली, तेव्हा एका माणसाएवढे वजन मागे कायमचे आले. तेथे एक पाटा वाढवणे रास्त होते. पण तीच गाडी हौशी मालकाकडे गेली, टाकी निघाली आणि वाढीव पाटा तसाच राहिला, तर रिकामी गाडी मागून उधळते. शिवाय पाटे एकमेकांवर घासतात, तेही थोडा आवर घालतात; म्हणून पाट्यांची संख्या बदलली की शॉकअपचाही विचार करावा लागतो.

मग करावे काय? सपाट जागी, टायरांत ठरलेली हवा भरून, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत चारही कोपऱ्यांची मापे घ्यावीत. एका ॲक्सलचे दोन्ही बाजूंचे भाग एकदमच बदलावेत. शॉकअपची मिटलेली आणि ताणलेली लांबी चाकाच्या चालीशी ताडून पाहावी. चाक वर जाताना ते रबरी ठोकळ्याने अडवावे, शॉकअपने नव्हे. रबरी बुशांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी करूनच शेवटचे आवळावेत; जॅकवर लोंबकळत असता आवळले, तर रबर कायम पिळलेले राहते आणि लवकर फाटते. कोपरा दाबून सोडण्याची परीक्षा मेलेला शॉकअप ओळखते. जोडी जुळली की नाही, ते रस्त्यावरच कळते.

कडकपणा म्हणजे बळ, असे मानणारे गॅरेजात आहेत तसे आमच्या चळवळीतही आहेत. कडक गाडी शोरूमच्या दारात रुबाबदार दिसते. तिची किंमत चालकाचे कंबरडे मोजते. सेकंदाला ४ ते ८ वेळा होणारे उभे हादरे बसलेल्या माणसाच्या शरीराला सर्वांत अधिक जाचतात, आणि चालक दिवसाचे दहा-दहा तास बसून असतो.

शेवटी एक विनंती. पद्मिनीची मापे ज्यांच्या बोटांत आहेत ते मिस्त्री आता म्हातारे झाले. आपल्या गावात असा कोणी असेल, तर एक वही घेऊन त्याच्याजवळ बसा. तारेची जाडी, वेढे, पाटे, लांबी, सारे लिहून घ्या, आणि पहिल्या पानावर त्याचे नाव घाला.